चावडीची पाटी, बसरा आणि पहिलं महायुद्ध

घाटवाट (धागाकर्ता)

दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या अलीकडे. चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. लहानपणी लपंडावात राज्य आलं की त्याच पाटीवर डोकं टेकून आकडे म्हणायचो, पण ती वाचली कधीच नव्हती. यंदा वाचली. मजकूर इंग्रजीत आहे. या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बास. नाव एकाचंही नाही.

माझे पणजोबा त्या आकड्यातले, परत आलेल्यांपैकी. घरात त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी सांगतात. एक, ते "बसऱ्याला" होते. दोन, तिथे वेढ्यात अडकून घोड्याचं मांस खावं लागलं. तीन, त्याची अशी शिसारी बसली की पुढे जन्मात टांग्यात पाय ठेवला नाही. बाजाराला कोसभर चालत जायचे.

आता माझा प्रश्न. शाळेत आम्हाला शिकवलं की सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी लागली आणि महायुद्ध पेटलं. पाच मार्कांचं उत्तर होतं, पाठही होतं. पण गोळी सुटली बोस्नियात आणि साताऱ्याचा कुणबी इराकात काय करत होता? हा मधला रस्ता कुणी समजावून सांगेल का?

तर्कट

तेल. एका शब्दात उत्तर. धागा बंद करायला हरकत नाही.

घाटवाट

तर्कटराव, एका शब्दात भागलं असतं तर पाच मार्कांचं उत्तर काय वाईट होतं?

इतिहासाचा_किडा

तर्कट अर्धे बरोबर आहेत. उरलेलं अर्धं जरा लांबचं आहे, चहा घेऊन बसा.

२८ जून १९१४ ला युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला. लढाई पेटली महिन्यानंतर, आणि खरी गोम या महिन्यात आहे. व्हिएन्नातल्या मंडळींना सर्बियाचा एकदाचा काटा काढायचा होता. ५ जुलैला जर्मन कैसरने त्यांना "काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत" असं सांगून टाकलं. २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला, तो नाकारला जावा अशाच बेताने लिहिलेला. २८ ला युद्ध जाहीर झालं. सर्बियाच्या मागे रशिया होता. ३० तारखेला रशियाने फौज जमवायचा हुकूम काढला, आणि तिथून सूत्रं मुत्सद्द्यांच्या हातून निसटून आगगाडीच्या वेळापत्रकाकडे गेली.

वेळापत्रक हा शब्द मी शब्दशः वापरतोय. जर्मनीच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया. दोघांशी एकदम लढणं अवघड. म्हणून त्यांचा बेत असा की रशियाची अवाढव्य फौज गोळा व्हायला वेळ लागेल, तेवढ्या सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं. कुठली गाडी कुठल्या पुलावरून किती वाजता जाणार हे आधीच ठरलेलं. म्हणजे भांडण रशियाशी झालं तरी पहिला हल्ला फ्रान्सवरच, आणि तोही बेल्जियममधून. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात खुद्द प्रशियानेही, म्हणजे जर्मनीच्या पूर्वावतारानेही, दिलेली होती. ते निमित्त धरून ब्रिटन ४ ऑगस्टला उतरलं. निमित्त एवढ्यासाठी म्हणतो की जर्मन आरमाराची धास्ती त्यांनी वर्षानुवर्षं घेतलेली होती, बेल्जियम नसतं तर दुसरं काही सापडलं असतं.

ब्रिटन उतरलं म्हणजे हिंदुस्थान उतरला. इथे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी जाहीर केलं आणि झालं.

आता बसरा. तुर्कांनी ब्रिटनमध्ये दोन युद्धनौका बांधायला टाकल्या होत्या. लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवलेले. ऑगस्टमध्ये ब्रिटनने त्या सरळ जप्त केल्या. लगेच जर्मनीने आपल्या दोन नौका, गोएबेन आणि ब्रेस्लाउ, तुर्कांच्या पदरात टाकल्या. याच नौकांनी २९ ऑक्टोबरला काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि तुर्कस्तान युद्धात आलं.

पण लक्षात घ्या, त्याच्याही आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर, आपल्या पुण्याच्या डिव्हिजनमधली एक ब्रिगेड मुंबईहून गुपचूप निघून बहारीनपाशी येऊन थांबली होती. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला हे लोक शत्त-अल्-अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरले, २२ नोव्हेंबरला बसरा घेतलं. पलीकडच्या काठाने थोडं वर गेलं की अबादानचा तेल शुद्धीकरण कारखाना. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर जात होतं आणि त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग सरकारने त्याच वर्षी विकत घेतले होते. म्हणजे तर्कटरावांचं तेल इथे येतं.

घाटवाट, एक विचारायचं राहिलं. पणजोबांचं मेडल घरात आहे का? चांदीचं गोल मेडल असेल तर त्याच्या कडेवर भिंगाने बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

घाटवाट

दंडवत. मेडल आत्याकडच्या ट्रंकेत आहे असं ऐकून आहे. फोन करतो. आणि तो घोड्याच्या मांसाचा वेढा कुठला?

इतिहासाचा_किडा

कुत-अल्-अमारा. ही गोष्ट सांगायला मला नेहमीच जड जातं.

बसरा घेतल्यावर खरं तर काम झालं होतं. तेल सुरक्षित होतं. पण विजय सोपे मिळत गेले तशी हाव सुटली आणि बगदादचं नाव निघालं. जनरल टाउनशेंड पुण्याची सहावी डिव्हिजन घेऊन टायग्रिसच्या काठाने वर निघाला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्याच्याबरोबर. बोटी अपुऱ्या, खेचरं अपुरी, डॉक्टर अपुरे. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला गाठ पडली आणि चार हजारांवर माणूस मेला किंवा जखमी झाला. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं. मोडलेल्या मांडीचा माणूस तसल्या गाडीत, त्या खडबडीत जमिनीवरून, मैलोनमैल. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली, त्यात या वैद्यकीय हेळसांडीचा वाटा मोठा होता.

मागे हटत फौज कुतला आली. नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाणी असलेलं गाव. ७ डिसेंबरला वेढा पडला तो जवळजवळ पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजेची जवळजवळ २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. विमानातून पिठाची पोती टाकली, त्यांतली बरीच नदीत किंवा तुर्कांकडे पडली. अन्न घेऊन निघालेली जुलनार नावाची बोट तुर्कांनी नदीत तारा लावून अडवली.

घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली तेव्हा गोऱ्यांनी खाल्ली. आपल्या लोकांनी नाकारली. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्रावर मागवली, तरी नाही. कारण देवाची परवानगी मिळाली तरी गावाची मिळेल याची खात्री कोण देणार? परत गेल्यावर पंक्तीत बसू देतील का, पोरीचं लग्न जमेल का, ही धास्ती. भाजीपाला नाही, मांस नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अखेर एप्रिलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, बहुतेकांनी खाल्लं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० माणूस कैदेत गेलं.

तुर्कांना वीस लाख पौंड देऊन फौज सोडवायचाही प्रयत्न झाला होता. तुर्कांनी तो जगजाहीर केला.

रानजाई

आणि कैदेत?

इतिहासाचा_किडा

वाळवंटातून चालवत नेलं. अनेकांना रास-अल्-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. गोऱ्या शिपायांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपाईही हजारोंनी गेले, आणि त्यांतल्या कित्येकांचा हिशेब कधी लागलाच नाही. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. त्याचा कुत्रा तुर्कांनी सुखरूप परत पाठवला.

तर्कट

कुत्र्याचं नाव नोंदलेलं असेल ना?

इतिहासाचा_किडा

स्पॉट.

थेम्सकाठची

याला धरूनच. बसऱ्याचं युद्धस्मारक आहे, त्यावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं कोरलेली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरलेली, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. घाटवाट, तुमच्या चावडीची पाटी आणि ते स्मारक एकाच वळणाचे. पुढे सद्दामने १९९७ मध्ये ते स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेऊन उभं केलं.

फ्रान्सच्या आघाडीबद्दलही बोलायला हवं. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज मार्सेयला उतरली, सुती कपड्यांत, आणि थंडी तोंडावर आलेली. तिथे लढाई म्हणजे समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खणलेले खंदक. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत एकट्या ब्रिटिश फौजेचे ५७,४७० लोक पडले, त्यांतले १९,२४० ठार. एका दिवसात! मी ब्रायटनच्या टेकडीवरच्या छत्रीला जाऊन आले आहे. इस्पितळात वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांचं दहन झालं ती जागा. आजूबाजूला मेंढ्या चरतात.

तर्कट

बरं, पण इंडिया गेटवर ७४ हजार नावं आहेत ना? मग नावं नाहीत असं कसं म्हणता?

बाराखडी

नाही हो. हिंदी फौजेचे एकूण मृत्यू ७४,००० च्या आसपास धरतात. इंडिया गेटवर नावं तेरा हजारांच्या वर, आणि त्यांतही वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण लढाईतली आहेत. दोन आकड्यांची गल्लत वर्तमानपत्रंसुद्धा करतात.

तर्कट

मान्य. कान पकडले.

दर्यावर्दी

फौज फौज काय करताय, दर्यावरचे राहिले की. बोटीच्या भट्टीत कोळसा ओढणारे, डेक धुणारे खलाशी. आमच्या रत्नागिरीकडचे कितीतरी. जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की पहिलं पाणी तळाला, भट्टीवाल्यांच्या अंगावर. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात स्मारक आहे, दोन हजारांवर माणसं, समुद्राशिवाय दुसरं थडगं नसलेली. मुंबईतल्या किती जणांनी बघितलंय? मी गोदीत तीस वर्षं काढली, मला निवृत्त झाल्यावर कळलं.

बाराखडी

अवांतर: बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये लंडनहून परत आले तेव्हा त्यांच्या पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं. ती बोट पाणबुडीने बुडवली. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं तळाला गेली.

आणि हे पूर्ण अवांतर नाही. महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. "लढाऊ जाती" नावाचं खूळ. युद्धात माणूस कमी पडायला लागला तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर लवकरच मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ला.

गावठाण

ते सगळं ठीक. पण आपल्या पुढाऱ्यांनी इंग्रजांच्या लढाईला मदत कशाला केली? टिळकांनीसुद्धा?

इतिहासाचा_किडा

टिळक मंडालेहून सुटले जून १९१४ मध्ये. ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारला पाठिंबा जाहीर केला हे खरं. पण त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही माणसं देतो, तुम्ही स्वराज्य द्या आणि आमच्या पोरांना अधिकाऱ्यांच्या जागा द्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत हेच बोलायला लागले तर गव्हर्नर विलिंग्डनने मध्येच तोडलं. टिळक उठून बाहेर. गांधीजी तेव्हा गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पायपीट करून बिनशर्त भरती करत होते, आणि अहिंसेचा माणूस भरतीला का फिरतोय म्हणून लोक दार उघडत नव्हते. टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला, पैज म्हणून: तुम्ही अधिकारपदांची हमी मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार जवान देतो, नाही दिले तर पैसे तुमचे. गांधीजींनी चेक परत केला. मला विचाराल तर या प्रकरणात टिळकांचा व्यवहार जास्त चोख होता.

गावठाण

शिपाई काय स्वराज्यासाठी गेले होते होय? अकरा रुपये पगारासाठी गेले.

घाटवाट

गावठाण, तेच लिहिणार होतो. आमच्या घरी स्वराज्य वगैरे काही सांगत नाहीत. दोन वर्षं पाऊस नव्हता, भावकीत जमिनीचा तुकडा पडला होता, आणि भरतीवाला आला. एवढंच सांगतात.

रानजाई

अकरा रुपये मनीऑर्डरने यायचे, पण इकडे काय चाललं होतं? कापड, रॉकेल, मीठ, सगळं भडकलेलं. चांदीची टंचाई इतकी की सरकारला ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. चांदीच्या रुपयाची सवय असलेल्या बायकांना तो कागद म्हणजे फसवणूक वाटली असणार. त्यातच हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला दहा कोटी पौंडांची "देणगी" दिली. देणगी म्हणे!

आणि १९१८ ला मानमोडी. माझ्या आजीच्या माहेरी हाच शब्द होता, इन्फ्लुएंझा कोणी म्हणत नसे. जूनमध्ये मुंबईच्या बंदरात आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात परतून आली ती भयंकर. पावसानेही दगा दिलेला. खंदकांत चार वर्षांत हिंदुस्थानचे मेले त्याच्या कितीतरी पट माणसं इथे घरात, अंथरुणावर मेली. सव्वा कोटीच्या आसपासचे अंदाज आहेत, त्याहून जास्तही. आजीच्या वाड्यातून एका आठवड्यात पाच तिरड्या निघाल्या, शेवटच्या दोघांना खांदा द्यायला माणूस नव्हता. घाटवाट, तुमच्या पाटीवर या माणसांचा आकडा नाही. लढाईत मेलेल्यांत त्यांना कोणी धरत नाही. मी धरते.

थेम्सकाठची

रानजाई, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा सहमत.

बाराखडी

परिणामांचं थोडक्यात लिहितो, कारण व्हर्सायचा तह, जर्मनीवर लादलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई आणि त्यातून हिटलर, हे सगळ्यांना पाठ आहे. (तह झाला २८ जून १९१९, खुनाला बरोबर पाच वर्षं.) रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान, चारही राजघराणी खलास.

आपल्याला जवळचं ते वेगळं. ब्रिटनने अरबांना स्वातंत्र्याचा शब्द दिला, १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर तोच मुलूख गुपचूप वाटून घेतला, १९१७ मध्ये पॅलेस्टाइनबद्दल ज्यूंना तिसराच शब्द दिला. एकच शेत तिघांना विकायचं, आपल्याकडे तलाठ्याला हाताशी धरून करतात तसं. बसरा, बगदाद आणि मोसुल एकत्र शिवून इराक केला तो या शिलाईतूनच. १९२० मध्ये तिथे बंड झालं, ते मोडायलाही पुन्हा हिंदी पलटणी.

आणि इकडे? ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यूने टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ म्हटलं. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा हाती ठेवला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग, आणि ती त्या पंजाबात, जिथून सगळ्यात जास्त शिपाई गेले होते.

घाटवाट

मंडळी, आत्याकडे जाऊन आलो. मेडल आहे. चिंचेने घासून ठेवलंय तिने, राजाचं नाक जवळजवळ गेलंय. पण कडेवरची अक्षरं लागतात. नंबर, शिपाई, पणजोबांचं नाव (इंग्रजाने केलेल्या वाटोळ्यासकट), आणि पुढे ११४ मराठाज.

किडासाहेब, तुम्ही १०३, ११० आणि ११७ म्हणाला होतात. ११४?

इतिहासाचा_किडा

मग पणजोबा बहुधा कुतच्या वेढ्यात नव्हते. ११४ वी त्या डिव्हिजनमध्ये नव्हती. माणसं कमी पडली की एका पलटणीतले दुसरीत पाठवत, त्यामुळे ठाम सांगत नाही, पण मेडलवर ११४ म्हणजे झुकतं माप तिकडे.

मात्र निराश होऊ नका. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं आणि पुढे दीड वर्ष फौज टायग्रिसच्या काठाने उत्तरेला सरकत राहिली. शेवटची मोठी लढाई शरकतला झाली, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस. त्या लढाईत ११४ वीने इतकी शौर्यपदकं मिळवली की मराठा पलटणीत अजून तो दिवस सांगतात. ३० तारखेला तिथल्या तुर्की फौजेने हत्यारं ठेवली, आणि त्याच दिवशी मुद्रोसला युद्धबंदीवर सह्या झाल्या. म्हणजे ११४ ची माणसं लढाईच्या अगदी शेवटच्या दोन दिवसांत पडली.

रानजाई

आणि मोसुल?

इतिहासाचा_किडा

युद्धबंदीनंतर घेतलं. तेल होतं ना.

तर्कट

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

घाटवाट

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. आत्या ८६ वर्षांची आहे, पणजोबांना तिने पाहिलंय. म्हटलं, अगं ते वेढ्यात नव्हतेच बहुतेक, घोड्याबिड्याचं मांस खाल्लं नसणार. ती गप्प बसली. मग म्हणाली, पण ते सांगायचे की. स्वतःचं म्हणून सांगायचे, का दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं सांगायचे, ते आता कसं कळणार.

मी विचारलं, मग टांग्यात का बसायचे नाहीत?

म्हणाली, टांगेवाला दोन आणे घ्यायचा.